फडकूरावांची मान

रंभाबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं जिनिंगच्या रेच्यानं, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रानं, नेली, तेव्हा तिची प्रेमिला पाळण्यात होती. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. रेच्यात अडकलेला पुंजका काढायला तिनं हात घातला आणि बाहेर ओढला, तोवर अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून गेलं होतं आणि मधलं अर्ध्यावर तुटलं होतं. नवऱ्यानं, नत्थूनं, आपल्याच सायकलरिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. जखम यथावकाश भरली. पण त्या दिवसापासून तो हात पदराखाली गेला तो गेलाच. घरात ती त्याच हातानं पोळ्या लाटायची, धुणं आपटायची, लेकीची वेणी घालायची. उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की पदराचा शेव त्या हाताभोवती गुंडाळलेला असायचा.

कुही तालुक्यातल्या धानाच्या बांधांवर वाढलेली ही बाई बोलायला मोठी फटकळ होती. माहेरी तिच्या नकलांवर सगळी आळी हसायची. हात गेला तसं तिचं बोलणंही आटलं. नत्थूला त्याची फार चुटपुट लागे. "रंभे, बोटं गेली वं, जीभ त नाई गेली," असं तो एकदा म्हणाला, आणि तिनं दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं.

शहरातल्या नंदनवन भागाच्या कडेला त्यांची वस्ती. तिथं महिला मंडळानं बालवाडी काढली ती अडुसष्ट साली. शिकवायला शोभाताई नावाच्या बाई यायच्या. मऊ बोलायच्या, पण हातात घेतलेलं काम सोडायच्या नाहीत. मदतीला वस्तीतली कोणी बाई हवी होती. झाडायचं, सुकडीचा पौष्टिक खाऊ शिजवून वाढायचा, पोरांना घरून आणायचं आणि घरी पोचवायचं. शोभाताईंनी रंभाबाईला विचारलं. हात त्यांनी पाहिला होता, पण त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. रंभाबाई कामाला लागली.

पहिल्याच आठवड्यात गडबड झाली. एक नवीन पोरगी आली होती, जेमतेम तीन वर्षांची. रंभाबाई तिच्या ताटलीत सुकडी वाढायला वाकली, पदर सरकला, आणि हात पोरीच्या डोळ्यांसमोर आला. पोरगी किंचाळून भिंतीला जाऊन चिकटली. तिचं पाहून आणखी दोघं रडायला लागली. रंभाबाई मागच्या खोलीत चुलीपाशी गेली.  आता घरी जावं आणि परत येऊ नये, असं तिच्या मनात पक्कं झालं होतं. पण पातेलं चुलीवर तापत होतं, ते उतरवणं भाग होतं. तिनं पातेलं धरायचं फडकं उजव्या हाताला गुंडाळलं, पातेलं उतरवलं आणि तशीच बाहेर आली.

पोरगी अजून हुंदके देत होती. पण तिची नजर त्या फडक्यावर गेली. फडक्याच्या आत काहीतरी हललं होतं.

"कोन आहे थो?" पोरीनं विचारलं.

 रंभाबाईच्या तोंडून एक घोगरा, नाकातला आवाज निघाला. माहेरी नकला करताना निघायचा तसा. "मी? मी फडकूराव. तुमी काहून रडून राहिल्या, बाई?"

पोरगी गप्प झाली. तिनं नाक पुसलं. "तुले भूक लागली?"

"लागली नाई त काय! पन मले कोनी वाढतच नाई."

पोरीनं आपल्या ताटलीतली चिमूटभर सुकडी उचलून फडक्याच्या तोंडाशी धरली. शोभाताई दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या घरून काजळाची डबी घेऊन आल्या. फडक्यावर दोन डोळे आले. नत्थूच्या जुन्या खाकी सदऱ्याची टोपी झाली आणि उरलेल्या कापडाचा अंगरखा. फडकूराव अंगानं बुटके, तोंडानं गोल आणि स्वभावानं चौकस होते. त्यांना कशातलंच काही कळायचं नाही. अंघोळ काहून करायची? नखं काहून कापायची? दुसऱ्याची पाटी फोडायची नाही, ती काहून? पोरं त्यांना समजावून सांगायची आणि सांगता सांगता स्वतः शिकायची.

पण पोरांचा जीव जडला तो त्यांच्या मानेवर. फडकूराव हात वर करायचे तेव्हा त्यांची मान आपोआप त्याच बाजूला कलायची. नमस्कार करताना, नाही म्हणताना, खाऊ मागताना, प्रत्येक वेळी. कोणी बोलायला लागलं की त्यांचं डोकं तिरकं होऊन थांबायचं. साऱ्या जगात मीच काय तो ऐकतो आहे, असं वाटावं. ज्या पोरांचं घरी कोणी ऐकत नसे, ती पोरं त्या तिरक्या डोक्यापुढं भडाभडा बोलायची.

पुढच्या दहा-अकरा वर्षांत फडकूराव त्या वस्तीपुरते राहिले नाहीत. एका साली देवीची लस टोचणारे आले आणि वस्तीतल्या आया पोरांना घेऊन घराघरांत दडून बसल्या. तेव्हा फडकूरावांनी पडद्यावरून आपला खाकी दंड पुढं केला. आधी खूप रडले, मग टोचून घेतलं आणि म्हणाले, "हात्तिच्या! मुंगी चावली!" त्या दिवशी पोरांची रांग लागली. मग दुसऱ्या वस्त्यांतून बोलावणी यायला लागली. आंबेडकर जयंतीला फडकूराव, गणपतीच्या मंडपात फडकूराव, शाळेच्या स्नेहसंमेलनात फडकूराव. जरीपटक्याच्या बाजारात त्यांची चिंध्यांची पिल्लं विकायला आली. भिंतींवर खडूनं त्यांची चित्रं निघाली. मोठी माणसंसुद्धा रस्त्यात भेटली की हात वर करून मान तिरकी करायची आणि "काहून गा?" म्हणून हसायची.

रंभाबाई मात्र कोणाला ठाऊक नव्हती. ती पडद्यामागं असायची. खेळ संपला की फडकूराव हातातच ठेवून, त्यावर पदर घेऊन, ती मागच्या वाटेनं निघून जायची. पडद्यामागं तिला कसलीच लाज नसायची. बोलणं पुन्हा तोंडाला आलं होतं. घरी येताना ती नत्थूला त्या घोगऱ्या आवाजात टोमणे मारायची, आणि तो रिक्षा ओढता ओढता हसून बेजार व्हायचा.

एकोणऐंशी साली जगभर बालकवर्ष साजरं होत होतं. नंदनवनात मधुकरराव नावाचे निवृत्त मुख्याध्यापक राहायचे. कुठल्याही चांगल्या कामात उडी घ्यायची त्यांना हौस. वस्तीला लागून एक उकिरड्याची जागा होती. ती साफ करून तिथं मुलांसाठी बाग करायचं त्यांनी मनावर घेतलं. बाग झाली, घसरगुंडी आली, आणि नावाचा प्रश्न निघाला. समितीतल्या एकानं एखाद्या थोर पुरुषाचं नाव सुचवलं. चिंध्यांच्या बाहुल्याचं नाव बागेला दिलं तर लोक हसतील, असंही तो म्हणाला. मधुकररावांनी सरळ घसरगुंडीवरच्या पोरांना विचारलं. पोरांनी काय सांगितलं असेल ते उघड आहे. ठरलं. फडकूराव बालउद्यान, दाराशी फडकूरावांचा सिमेंटचा पुतळा, आणि उद्घाटनाला त्यांचा जाहीर सत्कार.

निमंत्रणाचं कार्ड प्रेमिलानं घरी आणलं. ती तेव्हा कॉलेजात जाऊ लागली होती. कार्डावर लिहिलं होतं, 'आपल्या सर्वांचे लाडके फडकूराव यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार'. खाली समितीच्या सगळ्यांची नावं होती. रंभाबाईचं नाव कुठंच नव्हतं.

"माय, हे पाह्य," प्रेमिला म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "फडक्याले शाल देऊन राहिले. तुहं नाव नाई!"

रंभाबाई तांदूळ निवडत होती. "बरं झालं."

"काहून बरं झालं?"

"बरं झालं म्हनते ना मी. तुले काय करायचं आहे?"

"मी जाते मधुकररावाकडं."

"जाशील त पाय मोडून ठेवीन," रंभाबाई म्हणाली. पण प्रेमिला गेलीच.

मधुकरराव वाईट मनाचे नव्हते. पोरीचं बोलणं ऐकून ते शरमले आणि संध्याकाळी स्वतः वस्तीत आले. नत्थूनं टाकलेल्या बाजेवर बसून त्यांनी हात जोडले. "चूक झाली, रंभाबाई. आम्हाला फडकूराव दिसले, तुम्ही दिसला नाहीत. आता तुम्ही मंचावर यायचं. सत्कार तुमचा."

"मी नाई येत, गुरुजी. मी पडद्यामागून करीन."

"इतका विनय बरा नव्हे."

 रंभाबाईनं उजवा हात पदरात आणखी घट्ट गुंडाळला. नत्थूला सगळं कळत होतं. मधुकरराव विनयाची तारीफ करत उठून गेले. ते गेल्यावर नत्थू एवढंच म्हणाला, "तुह्या मनात असंल तसं कर. मी कोनालेच काई सांगनार नाई."

इकडं पुतळा तयार झाला. तो केला होता चितार ओळीतल्या गोविंदानं. घराण्यात मूर्तीचंच काम, आणि गणपतीच्या दिवसांत त्याच्या घरापुढं पाय ठेवायला जागा नसे. त्यानं फडकूरावांचा एक खेळ पाहिला आणि पुतळा घडवला तो देखणा. ताठ मान, रुंद छाती, छातीशी जोडलेले दोन्ही हात. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या पुढाऱ्यासारखा. हातगाडीवरून तो बागेत आणला तेव्हा पोरं धावत आली, आणि भोवती उभी राहून त्याला वरखाली पाहू लागली.

शेवटी एका पोरीनं विचारलं, "हा फडकूरावचा भाऊ आहे का?"

दुसरा म्हणाला, "याले त ऐकूच येत नसंल."

गोविंदाला आधी राग आला. मूर्तीची मान वाकडी केली तर लोक म्हणतील मूर्तिकाराचा हात चुकला, असं तो मधुकररावांना म्हणाला. पण पोरं ज्या तोंडानं परत फिरली ती तोंडं काही त्याला स्वस्थ बसू देईनात. दुसऱ्या दिवशी ओल्या मातीचा गोळा बादलीत घेऊन तो रंभाबाईच्या दारात हजर झाला.

"बाई, मले एकडाव त्याले जवळून दाखवा."

तिनं फडकूराव हातात घातले. फडकूराव हात वर करून म्हणाले, "काहून गा, गोविंदराव? माह्या मानीवर काहून डोळा?" प्रेमिला खुदकन हसली. गोविंदा हसला नाही. डोळे बारीक करून तो पाहत होता. दोनदा त्यानं माती दाबली, दोनदा मोडली.

"जमत नाई," तो म्हणाला. "मान वळली म्हनून वळवतो, त खोटी दिसते. आतून काय होते ते समजल्याबिगर मले होनार नाई. बाई, फडकं काढा."

 प्रेमिला म्हणाली, "काका, राहू द्या." नत्थू दारातून आत यायला निघाला होता, तो तिथंच थांबला.  फडकूरावांचं डोकं अजून तिरकंच होतं, गोविंदाकडं लागलेलं.

तिनं डाव्या हातानं टोपी धरली आणि फडकं ओढून काढलं.

गोविंदानं तो हात पाहिला. त्यानं जिभेचा च्‌च् आवाज काढला नाही, की कसं झालं म्हणून विचारलं नाही. पुढं सरकून तो उकिडवा बसला. "हात लावू काय?" असं विचारून त्यानं तिची करंगळी हळूच वर उचलली. शेजारचं बोटही तिच्यासोबत वर आलं.

"हे संगंच हालते," तो म्हणाला.

"हो. करंगळी त्याचा हात, अन् हे त्याचं डोकं. एक हाललं की दुसरं थांबत नाई. दुसऱ्या बाजूचा हात अंगठ्याचा."

"म्हंजे तो मान मुद्दाम वाकवतच नाई."

"नाई. येतेच ती."

"मंग असं पाह्यजे!" गोविंदा ओरडलाच. त्यानं माती उचलली आणि भराभर दाबायला लागला. आधी खांदा केला, खांद्यातून हात वर काढला, आणि त्या हाताच्या ओढीनं मान कलू दिली. मध्येच तो म्हणायचा, "बाई, आणखी एकडाव करंगळी." मग पुन्हा, "आता धरून ठेवा." रंभाबाईचा उघडा हात उजेडात, परक्या माणसापुढं, कितीतरी वेळ तसाच होता. कंटाळून तीच म्हणाली, "आता दुखते गा. चहा पेऊन घे आधी." आणि उठून त्याच हातानं तिनं त्याच्यापुढं कपबशी ठेवली. प्रेमिला दाराआड जाऊन डोळे पुसून आली.

उद्घाटनाच्या दिवशी बागेत मुंगी शिरायला जागा नव्हती. नव्यानं घडवलेल्या पुतळ्यावरचं कापड निघालं आणि पोरांनी एकच गिल्ला केला. आता कोणी भावाचं नाव काढलं नाही. मग पडद्यावर फडकूराव आले. त्यांच्यापुरता झेंडूचा चिमुकला हार केला होता, तो मधुकररावांनी त्यांच्या गळ्यात घातला.

"हे काहून, गुरुजी? म्या काय केलं?"

"तुम्ही मुलांना शिकवलंत, फडकूराव."

"गलत बात! मलेच काई येत नाई. मले पोरांनी शिकवलं. हार त्याइले घाला!"

हशा आणि टाळ्या. मधुकररावांनी शाल उचलली आणि तेच अडखळले. एवढी मोठी शाल बाहुल्याला घालायची कशी? लोक हसू लागले. तेव्हा फडकूराव म्हणाले, "माह्या अंगाले लय मोठी होते. थांबा, मी कोनाले तरी घेऊन येतो."

पडदा हलला आणि रंभाबाई बाहेर आली. ठरवून आली की तोंडातून शब्द निघून गेले म्हणून आली, हे तिला स्वतःलाही नंतर सांगता आलं नाही. मधुकररावांनी शाल तिच्या खांद्यावर घातली आणि नारळ पुढं केला. नारळ एका हातात मावण्यासारखा नव्हता. तिनं फडकूरावांना काढलं, टेबलावर निजवलं आणि दोन्ही हात पुढं केले.

पुढच्या रांगेतल्या लोकांनी ते पाहिलं. एक बाई "अगं माय" म्हणून पुटपुटली. कोणी नजर वळवली. मधुकररावांच्या हातातला नारळ क्षणभर तसाच राहिला. विनय कसला होता ते त्यांना आता कळलं होतं. मग त्यांनी तो नारळ जपून तिच्या ओंजळीत ठेवला, आणि भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला.

तेवढ्यात एक पोर मोठ्यांदा म्हणालं, "फडकूराव झोपला का?"

"हो राजा," रंभाबाई म्हणाली. आवाज तिचा स्वतःचा होता. "थकला तो. आता जाऊ दे त्याले घरी."

त्यानंतर काही सगळं गोड झालं असं नाही. काही बाया तिच्याकडं कीव करून पाहायला लागल्या, आणि त्याची तिला चीड यायची. पण बालवाड्यांतल्या बायांना फडकूराव शिकवायचे म्हणून शोभाताईंनी शिबिर भरवलं, तेव्हा तिला खरा धक्का बसला. चांगल्या धडधाकट हातांच्या बाया. पाच बोटांनी त्यांचे फडकूराव कसेही हात हलवायचे, मान मात्र खुंटीसारखी सरळ. मग एकीनं दोन बोटं मुडपून तळव्यात घेतली. तिचं पाहून सगळ्यांनीच घेतली. एवढ्या साऱ्या बायांचे आपल्या हातासारखे हात पाहून रंभाबाईला आपली थट्टा चालली आहे असं वाटलं. ती उठून अंगणात गेली. शोभाताई मागोमाग आल्या. म्हणाल्या, "रंभाबाई, दोन बोटं मुडपल्याशिवाय त्यांना फडकूराव येतच नाहीत हो."  मग रंभाबाई आत येऊन एकीच्या हातावर चापट मारून म्हणाली, "इतकं गच्च नाई दाबायचं, बाई. ढिलं ठेव. तो हट्टी नाई, भोळा आहे."

फडकूरावांचा मान पुढं वाढतच गेला. बालवाडीतून पहिलीत जाणारी पोरं आईबापांसोबत बागेत येऊन पुतळ्याला मान तिरकी करून नमस्कार करायची, तशी रीतच पडली. दर दिवाळीला गोविंदा येऊन रंग देऊन जायचा. प्रेमिला शिक्षिका झाली. नत्थूनं रिक्षा विकली आणि बागेच्या दाराशी चणेफुटाण्याची पाटी टाकली. पुतळ्यापुढं थांबणाऱ्याला तो न विचारता सगळं सांगायचा, आणि बायकोच्या हाताचंही सांगायचा. आता त्याला कोणी अडवत नव्हतं.

पंच्याऐंशी साली कुहीच्या एका शाळेनं रंभाबाईला पाहुणी म्हणून बोलावलं. माहेरच्या मुलखातलं बोलावणं म्हणून ती नवं लुगडं नेसून, एसटीनं प्रेमिलासोबत गेली. तिथं फडकूरावांचा खेळ होता, आणि तो करणारी होती त्याच भागातली एक तरुण बालवाडीबाई. रंभाबाई पोरांमध्ये सतरंजीवर बसली. खेळ पडद्यासमोरून ती आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होती.

हे फडकूराव निराळेच होते. आवाज बारीक होता. ते धानाच्या रोवणीचं बोलत होते, तळ्यातल्या खेकड्यांचं बोलत होते, आणि मध्येच त्यांनी शाळेत येणाऱ्या बड्या पाहुण्यांची नक्कल केली. रंभाबाईनं असलं काही त्यांना कधी बोलायला लावलं नव्हतं. तिला राग आला. ती प्रेमिलाकडं वळून म्हणाली, "हा असा नाई बोलत. यानं असं कधी..."

पुढ्यात बसलेल्या लहानशा पोरीनं मागं वळून ओठांवर बोट ठेवलं. "आजी, चूप बसा ना. फडकूराव बोलून राहिले."

रंभाबाई चूप बसली. पडद्यावर फडकूराव खेकडा चावला म्हणून बोंबलत होते, पोरं हसून एकमेकांवर पडत होती, आणि थोड्या वेळानं तीही पदर तोंडाला लावून हसायला लागली.